बिनगाडीचं हेल्मेट

क्षमा डहाकेने एकेचाळिसाव्या वर्षी कागदावर धडधडीत खोटं लिहिलं, आणि लिहून झाल्यावर तिला बरं वाटलं.

अर्ज हिंदीत होता. नाव, वय, शिक्षण, अनुभव, सगळं खरं भरून झालं होतं. बी.कॉम., हिंदी-इंग्रजी टायपिंग, स्टेशनजवळच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे बारा वर्षं ऑफिसचं काम. कोरोनात त्या माणसाने शटर पाडलं ते पाडलंच. अर्जाच्या तळाशी शेवटचा रकाना होता, 'स्वयं का वाहन: हाँ / नहीं'. याआधी तीन ठिकाणी तिने इमानदारीत 'नहीं'वर खूण केली होती, आणि तिन्ही ठिकाणी टेबलामागच्या माणसाने तेवढंच वाचून कागद बाजूला सारला होता. "मैडम, नवा रायपुर में बस का भरोसा नहीं. आप रोज लेट आओगी." एकाने तर बोलताना मानही वर केली नव्हती. चौथ्या वेळी तिने 'हाँ'वर जाड खूण केली आणि कुणी न विचारता पुढे 'स्कूटी' असंही लिहून टाकलं.

ऑफिसं एकामागून एक पंचवीस किलोमीटर लांब नव्या राजधानीत गेली होती. त्यांत टाइप करणारी, झाडणारी, चहा देणारी माणसं मात्र रायपूरच्या गुढियारीसारख्या जुन्या पाऱ्यांमध्ये, म्हणजे मोहल्ल्यांमध्येच राहिली होती. क्षमाचे वडील विदर्भातून रेल्वेच्या वॅगन कारखान्यात आले आणि तिथेच रिटायर झाले. नवरा गौतम गोल बाजारात भांड्यांच्या दुकानात सेल्समन होता, सायकलने जायचा. मुलगी अबोली कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. घरात गाडी घेण्याचा विषय निघायचा तो मिटवण्यासाठीच.

नोकरी मिळाली. नव्या राजधानीतल्या एका प्रशिक्षण संस्थेत, ठेकेदारामार्फत, ऑफिस असिस्टंट म्हणून. रुजू होताना गाडीचा नंबर मागितला, गेटपाससाठी. क्षमाने भावाच्या बायकोच्या, मीरा वहिनीच्या, स्कूटीचा नंबर सांगितला. ती स्कूटी मीराने आजवर तिला एकदाही चालवू दिली नव्हती, आणि नंबर द्यायच्या आधी क्षमानेही तिला विचारलं नाही. मग त्याच संध्याकाळी तिने जयस्तंभ चौकाजवळच्या फुटपाथवरून एक राखाडी हेल्मेट विकत घेतलं. संस्थेने दिलेला पासचा गोल स्टिकर तिने त्या हेल्मेटवरच चिकटवला.

"ये क्या पागलपन है, मम्मी?" अबोलीने विचारलं.

"तू आपलं पाय," क्षमा म्हणाली. "गाडी कोणी पायत नाही. हेल्मेट पायतेत."

खरंच तसं झालं. सकाळी सात वीसला स्टेशनवरून बस निघे. ती साडेआठला तिला मोठ्या चौकात उतरवी. त्यानंतरची बस दहा वाजेपर्यंत पोचत नसे, म्हणून हीच धरावी लागे. चौकापासून संस्थेपर्यंत तीन किलोमीटर. रस्ता असा रुंद की पलीकडच्या माणसाचं तोंड दिसू नये, मधोमध फुलझाडं, दोन्ही बाजूंना पथदिवे, आणि चालणाऱ्यासाठी सावलीचं एक पान नाही. ती तोंडाला स्कार्फ गुंडाळून, हेल्मेट कापडी पिशवीत घालून चालायची. संस्थेच्या अलीकडे एक वळण होतं. तिथे थांबून स्कार्फ सोडायची, घाम पुसायची, केस विंचरायची, हेल्मेट बाहेर काढून कोपरात अडकवायची आणि गेटमधून आत शिरायची.

"गाड़ी अंदर नहीं लाते, दीदी?" गेटवरचा गार्ड तुलसीराम पहिल्या आठवड्यात म्हणाला होता. तो अभनपूरकडचा, भला माणूस.

"आत शेड कुठं आहे? सीट तापते. झाडाखाली लावते मी, बाहेर," तिने हिंदीत सांगितलं.

तुलसीरामने मान डोलावली. बाहेर झाड होतं हे खरं होतं.

संध्याकाळ जास्त अवघड होती. साडेपाचला सुटून सहा दहाची शेवटची बस गाठायची म्हणजे तीन किलोमीटर जवळजवळ पळायचं. ऐन सुटायच्या वेळी साहेबांनी एखादं पत्र टाइप करायला दिलं की बस गेली. मग इमारतींच्या साइटवरून रायपूरकडे परतणाऱ्या पिकअपला हात दाखवायचा. मागच्या उघड्या हौद्यात मिस्त्री, मजूर आणि सिमेंटने पांढऱ्या झालेल्या रेजा, म्हणजे घमेली वाहणाऱ्या बाया, दाटीने उभ्या असत. पहिल्यांदा चढली तेव्हा क्षमा अंग चोरून कोपऱ्यात उभी राहिली. या बायांमध्ये आपल्याला कुणी पाहू नये एवढंच तिच्या मनात होतं. बिसाहिन नावाच्या एका धिप्पाड रेजाने तिच्या पिशवीतून डोकावणारं हेल्मेट पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, "टोप हे दीदी, गाड़ी कहाँ हे?"

सगळा हौदा हसला. क्षमाने रागाने हेल्मेट पिशवीच्या तळाशी दाबलं. सात महिन्यांत तिचं सोंग ओळखणारी तेवढी एकच बाई निघाली होती.

संस्थेत तिच्या शेजारच्या केबिनमध्ये सुजाता मॅडम बसायच्या. पुण्याच्या. नवऱ्याची बदली इकडे झाली म्हणून त्याही आल्या आणि इथे प्रशिक्षण विभागाच्या प्रमुख झाल्या. संस्थेपासून पाचेक किलोमीटरवर, सेक्टरमधल्या फ्लॅटमध्ये राहायच्या. क्षमा मराठी आहे हे कळल्यावर त्यांना फार आनंद झाला होता. "बरं झालं बाई, कुणीतरी आपलं भेटलं!" पण दोन दिवसांतच त्यांनी तिची भाषा दुरुस्त करायला घेतली. "मले नाही गं, मला. आणि 'करून राहिली' काय? करतेय म्हणावं." क्षमा हं म्हणायची आणि पुढच्या वाक्यात मुद्दाम दोनदा 'मले' घालायची.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी मॅडम पर्स घेऊन तिच्या टेबलाशी आल्या. "आज माझी गाडी सर्व्हिसिंगला आहे. हेही मीटिंगमध्ये अडकलेत. तुझ्या स्कूटीवर मला सेक्टरपर्यंत सोडतेस? पाच मिनिटांचं तर काम आहे."

"पंक्चर आहे," क्षमाने सांगितलं. तिला दुसरं काही सुचलं नाही.

"अगं मग तू घरी कशी जाणार? थांब, मी मेंटेनन्सच्या पोराला सांगते, तो हवा-बिवा बघेल." मॅडमनी लगेच फोन लावला, आणि तिला काही बोलायला जागा न ठेवता तिच्यासोबत गेटपर्यंत चालत आल्या. क्षमा घड्याळाकडे पाहत होती. बस निघायला अर्धा तास उरला होता आणि तिचे पाय चौकाकडे ओढ घेत होते.

झाडाखाली एक कुत्रं झोपलं होतं. बाकी काही नव्हतं.

"चोरीला गेली की काय!" मॅडम ओरडल्या. "तुलसीराम, इथली स्कूटी कुणी नेली?"

तुलसीराम गोंधळला. "कौन सी स्कूटी, मैडम? मैंने तो कभी देखी नहीं. दीदी बोलती थीं, बाहर लगाती हूँ."

मॅडमनी क्षमाच्या हातातल्या हेल्मेटकडे पाहिलं. मग तिच्या चपलांकडे. चपलांच्या टाचा एका बाजूने झिजून पार तिरक्या झाल्या होत्या.

"म्हणजे तुझ्याकडे गाडीच नाही? मग येतेस कशी?"

"पायी. चौकापासून."

"सात महिने तू आम्हाला फसवलंस?"

"तुमाले कायले फसवू मी?" क्षमाचा आवाज चढला. "तुमच्याकडं लिफ्ट मागतली का कधी? रोज सव्वानऊले तुमची पांढरी गाडी माह्या बाजूनं जाते. एक दिवस नाही सुटला. तुमाले दिसली नाही मी?"

"ती स्कार्फवाली तू होतीस? मला वाटलं, कुणी मजूर बाई असेल."

"मजूर नसती वाटली तर थांबवली असती का?"

क्षमाने हेल्मेट पिशवीत कोंबलं आणि ती चालू लागली. बस त्या दिवशीही गेलीच होती.

दुसऱ्या दिवशी प्रशासन अधिकाऱ्यांनी तिला बोलावलं. समोर तिचा अर्ज होता. 'हाँ'वरच्या जाड खुणेवर त्यांनी पेनाचं टोक टेकवलं होतं. "आपने झूठी जानकारी दी है."

"सर, मशीनमध्ये माझी हजेरी बघा. सात महिन्यांत एक दिवस लेट नाही. गाडीवाले किती दिवस लेट आहेत तेही बघा." हे ती हिंदीत म्हणाली, पण म्हणताना एकेका नावाकडे बोट दाखवावं तशी म्हणाली.

"सवाल टाइम का नहीं है. सवाल भरोसे का है."

"मग एक करा. आपली व्हॅन रोज स्टेशनवरून येते. बारा सीटा आहेत, तीन साहेब बसतात. मला एक सीट द्या."

अधिकारी हसले. ते हसणं तिला नंतर कित्येक दिवस आठवत राहिलं. "वो ऑफिसर ग्रेड के लिए है. और आप तो ठेकेदार की हैं, संस्था की हैं ही नहीं."

त्याच दिवशी तिला काढून टाकलं असतं, पण सुजाता मॅडम मध्ये पडल्या. रात्रभर त्यांना वाईट वाटलं असावं, कारण डोळे सुजलेले होते. त्यांनी साहेबांना सांगितलं की क्षमा लेखी माफी मागेल आणि चौकापासून त्या स्वतः तिला गाडीतून आणतील. मग क्षमाच्या टेबलाशी येऊन तिला म्हणाल्या, "लिहून टाक गं. विषय संपेल." माफीचा मजकूर मॅडमनीच सांगितला आणि क्षमाने टाइप केला. टाइप करताना तिने 'भूलवश' हा शब्द दोनदा खोडला. चुकून वगैरे तिने काही केलंच नव्हतं. शेवटी मॅडमनी स्वतः तो घातला.

गाडीतून जाणं सुरू झालं. साडेआठला बसमधून उतरायचं आणि मॅडमची गाडी येईपर्यंत चौकातच बसून राहायचं. तेवढ्या वेळात ती पायी पोचली असती, पण आता कागदावर गाडी लिहिली होती.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी मागच्या सीटवर मॅडमचा मुलगा वेदांत होता. "जरा त्याला शाळेच्या आतपर्यंत सोडून येतेस? माझं पार्किंग होत नाही इथे." चौथ्या दिवशी इस्त्रीचे कपडे. पाचव्या दिवशी भाजीच्या पिशव्या तिच्या मांडीवर. परतीच्या वाटेवर आधी मॅडमच्या घरी, पिशव्या वर तिसऱ्या मजल्यावर, मग घाईघाईने चौक. मध्येच एकदा मॅडम हळूच म्हणाल्या, "वेदांतसमोर ते 'मले-तुले' नको हं बोलूस. मुलं लगेच उचलतात."

क्षमाने दात आवळले. घरी गेल्यावर तो राग गौतमवर निघाला. तो तिच्या शिव्या ऐकत भांडी घासत बसला. शेवटी म्हणाला, "सोडून दे ना मग."

"आणि काय करू? कुठं जाऊ? जिथं काम आहे तिथं पोचता येत नाही, जिथं पोचता येते तिथं काम नाही!"

नवव्या दिवशी गाडी चालवता चालवता मॅडम कुणा मैत्रिणीशी फोनवर बोलत होत्या. फोन डॅशबोर्डवर, आवाज सगळ्या गाडीत. "अगं, मदतीचं काय सांगू, बाई मिळालीय मला! मराठीच आहे. ऑफिसमधलीच, विश्वासू." फोन ठेवून त्यांनी सहज विचारलं, "शनिवारी घरी पूजा आहे. वीस माणसं आहेत. तू सकाळी आठला येशील ना? पुऱ्यांचं तेवढं बघ."

"गाडी थांबवा," क्षमा म्हणाली.

"काय झालं?"

"थांबवा म्हणते ना! उतराचं आहे मले."

मॅडमनी गाडी कडेला घेतली. चेहऱ्यावर खरंच काही कळत नसल्याचा भाव होता, आणि क्षमाला सगळ्यात जास्त चीड त्याचीच आली. "पुऱ्यांचं नको असेल तर नाही म्हण ना. एवढं रागवायला काय झालं? तुझी नोकरी टिकावी म्हणूनच मी हे सगळं करतेय."

"माहीत आहे. म्हणूनच उतरून राहिली मी." तिने दार उघडलं. "मी बी.कॉम. आहे, मॅडम. तुमच्या ऑफिसात टायपिंगले आली होती. तुमच्या घरी कोणी लावून दिली मले?"

"माझ्यामुळे आत आहेस तू, विसरू नकोस," मॅडमही आता चिडल्या होत्या.

"हव. आता बाहेर आहे." तिने दार असं आपटलं की मागून येणाऱ्या गाडीवाल्याने वळून पाहिलं.

त्या दिवशी तिची पहिल्यांदाच लेटची नोंद झाली, दहा वाजून चार मिनिटं. दुपारी मॅडमनी साहेबांना कळवलं की आता त्यांना ही जबाबदारी जमणार नाही. गुरुवारी ठेकेदाराचं पत्र आलं. 'वाहन की व्यवस्था न होने के कारण.' तुलसीराम गेटवर तिला म्हणाला, "माफ करना दीदी, मेरे मुँह से निकल गया था." ती न थांबता गेटबाहेर पडली. तो बिचारा खरं बोलला होता, पण तिला त्या क्षणी खरं बोलणाऱ्या कुणाचंच तोंड पाहायचं नव्हतं.

एवढ्यावर थांबलं नाही. ठेकेदाराच्या माणसाने चौकशीसाठी गाडीच्या नंबरावरून मालकाला फोन केला होता. रविवारी सकाळी मीरा वहिनी दारात उभी. "माह्या गाडीचा नंबर कोणाले विचारून दिला? उद्या पोलीस आले असते तर?" क्षमाने नमतं घेतलं नाही. तू कधी गाडी दिली असतीस तर नंबर चोरायची पाळी आली नसती, असं तिने अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सुनावलं. भाऊ सचिन खाली मोटरसायकलवर बसून होता. वर आलाच नाही. त्या दिवसानंतर दोन्ही घरांचं जाणं-येणं बंद झालं.

दोन महिने ती घरी होती. गोल बाजारात साडीच्या दुकानात विचारलं, त्यांना वीस-बावीसच्या पोरी हव्या होत्या. मग एका संध्याकाळी भाजीबाजारात मागून कुणीतरी खांद्यावर थाप मारली. बिसाहिन होती. "आजकल नइ दिखस दीदी. टोप कहाँ गे?"

क्षमा आधी तडकणार होती, पण त्या बाईच्या हसण्यात खवचटपणा नव्हता. तिने दोन वाक्यांत सगळं सांगितलं. बिसाहिनने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हमर ठेकेदार पढ़े-लिखे मनखे खोजत हे. हाजिरी लिखे बर. गाड़ी पारा ले उठाथे, सात बजे."

काम मजुरांची हजेरी लिहायचं होतं, आणि साइट नव्या राजधानीतच होती. कुठल्याशा मोठ्या ऑफिसची इमारत. म्हणजे घमेली वाहणारीला दारातून गाडी होती, आणि टायपिंग करणारीला नव्हती. क्षमाला हे कळायला आठ महिने आणि चपलांचे तीन जोड लागले होते.

"पिकअपमंदी उभी राहून जाशील तू?" गौतमने विचारलं.

"पायी गेली तेव्हा कोणी विचारलं नाही."

अबोली रडवेली झाली. "मम्मी, प्लीज, कॉलेज के सामने से मत जाना."

"रस्ता माह्या हातात आहे का? तू तोंड फिरव," क्षमा म्हणाली, आणि पोरीला लागलंय हे दिसत असूनही तिने पुढे काही मऊ बोललं नाही.

साइटवर ती दोन दिवसांत नावडती झाली. मिस्त्री उशिरा आला की तिथेच झापायची, मुकादमाने कुणाची हजेरी बुडवली की रजिस्टर त्याच्या नाकासमोर धरायची. इंजिनिअर वयाने लहान होता. तो तिला मॅडम म्हणायचा आणि तिच्या वाटेला फारसा जायचा नाही. बायका मात्र तिच्याजवळ जेवायला बसायला लागल्या. तिने कधी बोलावलं नव्हतं.

मे महिन्यात एका सकाळी मोठ्या चौकात पोलिसांनी पिकअप अडवली. मालवाहू गाडीत माणसं न्यायला मनाई आहे, सगळे उतरा. ड्रायव्हर कागद घेऊन गयावया करत होता. क्षमा उतरली, ओढणी झटकली. तिच्याकडे पाहून हवालदार म्हणाला, "आप तो पढ़ी-लिखी लगती हैं. आप इसमें कैसे?"

"बस दाखवा, बसने जाते," ती म्हणाली. "दाखवा ना! या रस्त्यावर यावेळी कोणती बस साइटवर जाते ते सांगा, सगळ्या बाया त्यात बसतील."

"हमको क्या सुनाती हो? नियम हमने बनाया?"

"मग ज्यानं बनवला त्याले उतरवा इथं, या उन्हात."

हवालदाराने तिला बाजूला व्हायला सांगितलं, तिने आणखी चार शब्द ऐकवले, ड्रायव्हरने हात जोडून तिला गप्प केलं. पिकअप तिथेच राहिली. वीस-बावीस बाया आणि सात-आठ मिस्त्री त्या रुंद रस्त्याच्या कडेने चालू लागले. साइट चौकापासून पाच किलोमीटर होती. बाजूने गाड्या जात होत्या, काचा वर केलेल्या. बिसाहिनच्या पायात काच गेली, ती ओढणीची चिंधी बांधून तशीच चालली.

पोचायला सव्वानऊ झाले. साइटचा नियम असा की साडेआठनंतर आलेल्याची अर्धी हजेरी, म्हणजे अर्धाच रोज. मुकादम गेटवर हात बांधून उभाच होता. क्षमाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. पत्र्याच्या खोलीत जाऊन पाणी प्यायली, रजिस्टर उघडलं आणि सगळ्यांच्या नावापुढे वेळ लिहिली, आठ. एकेक नाव, एकसारखं अक्षर.

सव्वादहाला इंजिनिअरची गाडी आली. मुकादमाने आधीच कान भरले होते. "मैडम, ये सब लोग आठ बजे आए थे?"

"हव," क्षमा म्हणाली.

"मुकादम तो बोल रहा है कि..."

"तुम्ही आठ वाजता होते का इथं?"

तो नव्हता. त्याने रजिस्टर हातात घेतलं, दोन पानं उलटली, परत ठेवलं. मुकादम पुढचे आठ दिवस तिच्याशी बोलला नाही आणि तिने त्याची पर्वा केली नाही.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने चौक टाळून गावांच्या आतल्या रस्त्याने पिकअप घेतली. पाऊण तास जास्त लागला. त्या दिवशीही तिने सगळ्यांच्या नावापुढे आठच लिहिले.